आप्पा, तो चाप फार हलका होता

प्रिय आप्पा,

काल शुक्रवारी पिस्तुलांच्या क्लबात मी सगळ्यांदेखत तुमच्या कामाविषयी बोलले, आणि चांगलं बोलले नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसले आहे. वेडेपणा आहे, कळतं मला. तुम्हाला आता कुणाकडून काय कळणार! पण आई कालपासून माझ्याशी बोलत नाही आणि मला कुणाला तरी सांगायलाच हवं. अक्षर वेडंवाकडं येतंय, रागावू नका.

तुमचं दिवसकार्य आम्ही इथेच, आखातात, माहूजच्या फ्लॅटमध्ये, जमेल तसं केलं. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी मोठं पातेलं दिलं. मआमीरच्या वर्कशॉपमधली तुमची माणसं जेवून गेली. क्लबातलेही आले होते. सोफ्यावर दाटीवाटीनं बसले आणि तुमच्या पिस्तुलांच्या गोष्टी सांगू लागले. आई आत पोळ्या लाटत होती. लाटणं जरा जास्तच आपटत होती.

तिला तुमचा हा नाद कधी आवडलाच नाही. "माणसं मारायची हत्यारं ती! त्यांना कसलं कुरवाळत बसता?" तुम्ही म्हणायचात, "अगं, हे लोक कागदाला भोकं पाडतात. तेही कधीतरी. बाकी सगळा वेळ नुसते हातात धरून बघतात."

ते मात्र खरं होतं. क्लबाची वाळवंटातली ती खोली, लांब टेबल, त्यावर करडं ब्लँकेट, आणि ब्लँकेटवर जुनी पोलादी पिस्तुलं. नव्या हलक्या धातूच्या पिस्तुलांना तिथं कुणी विचारत नसे. एखादं जुनं लष्करी पिस्तूल तुमच्याकडे खडखडत यायचं आणि वर्षभरानं असं परत जायचं की वरची स्लाइड खालच्या सांगाड्यावर तेलासारखी सरकायची. मुठीच्या पुढच्या बाजूला तुम्ही कानशीनं कोरलेल्या बारीक चौकटी, शिसवाच्या मुठी, कावळ्याच्या पंखासारखा निळा-काळा रंग. कडू गाव्याचे, त्या अरबी कॉफीचे, छोटे कप फिरायचे आणि पिस्तूल या हातातून त्या हातात जायचं. रिकामं, स्लाइड उघडी. प्रत्येकानं आत करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री करायची. मग स्लाइड हातानं धरून सावकाश बंद करायची. आपटू द्यायची नाही. कुणा नवख्यानं आपटली तर सगळे असे कळवळायचे, जणू तान्हं मूल हातून पडलं!

आणि तो त्यांचा नियम. ज्याच्या हातात पिस्तूल, त्यानं त्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. बनवणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. बनवणारा बोलू लागला की सबबी सांगतो, असं क्लबातले अरब शेठ अबू यूसुफ म्हणायचे. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चष्मा पुसत राहायचात. कान लाल झालेले असायचे. आणि घरी परतताना गाडीत? "ऐकलंस ना, तो इंग्रज काय म्हणाला? पुन्हा सांग बघू." माझ्याकडून दोन-दोनदा वदवून घ्यायचात. केवढी हौस होती तुम्हाला कौतुकाची, आप्पा!

इथे आलो तेव्हा मला शाळेत जागा मिळाली नव्हती. ते वर्ष तुम्हीच माझी शाळा होतात. बाराखडी, पाढे, आणि शुक्रवारी क्लबाच्या मागच्या खोलीत तुमच्या बाकाशेजारी उभं राहून तिसरा विषय. रिकामं पिस्तूल माझ्या दोन्ही हातांत द्यायचात, तोंड भिंतीकडे, आणि म्हणायचात, "डोळे मीट. चाप दाब. काय लागलं?"

"आधी थोडं मोकळं."

"मग?"

"मग भिंत. बोट अडतं."

"भिंत ढकलावी लागली, की आपोआप मोडली?"

"माहीत नाही."

"शाबास. माहीत नाही हे उत्तर चालेल. ठोकून दिलेलं चालणार नाही."

मला त्या खोलीची भीती वाटायची. रिकामं आहे हे माहीत असूनही दर वेळी वाटायचं की आता काहीतरी होणार. तसं मला कशाची भीती वाटत नाही? गॅसचं बटण मी तीनदा बघते. पासपोर्ट जागेवर आहेत ना, हे ऑफिसला निघताना बघते. तुम्ही हसायचात. तुम्ही कशालाच घाबरत नाही, असं मी धरून चालले होते.

मग तुमच्या हातून कप पडला. मग शर्टाची वरची बटणं मी लावायला लागले. काडीपेटीतली काडी तुम्हाला पकडता येईना, तेव्हा मी विचारलं होतं, आठवतं? "आप्पा, बोटं बधिर होताहेत का?" तुम्ही म्हणालात, "थंडी आहे." एअर कंडिशनर बंद होता, आप्पा! बाहेर जुलै पेटला होता! मी पुन्हा विचारलं तर म्हणालात, "साखरेचं दुखणं जुनं आहे. त्याचा गवगवा नको. व्हिसाच्या रिन्यूअलचं मेडिकल तोंडावर आहे." आणि तुम्ही पेपर डोळ्यांसमोर धरलात. तो विषय तिथंच संपला.

आणि मग, अजून महिनाही झाला नाही, एका सकाळी छातीत कळ आली आणि सलमानिया हॉस्पिटलला पोचेपर्यंत तुम्ही आमच्याशी बोलायचं थांबला होतात. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. मी बाहेर उभी राहून तुमची चप्पल हातात धरली होती. का धरली होती, कोण जाणे.

आता पुढचं.

मागच्या आठवड्यात तुमचे दोस्त ऑस्कर अंकल मला क्लबात घेऊन गेले, तुमची कामाची अवजारं आणायला. वसईचा हा माणूस हॉटेलातली ड्यूटी संपवून, बो टाय खिशात कोंबून आला होता. मागच्या खोलीत अबू यूसुफ आधीच बसले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं.

"देखो बेटी. उस्ताद का आखरी काम."

त्यांचं ते पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल. तुम्ही वर्षभर त्यातच होतात. किती देखणं झालं होतं, आप्पा! मला त्यातलं फार कळत नाही, पण तेवढं कळलं. स्लाइड आणि सांगाडा यांच्यामधली रेघ दिसत नव्हती. मुठीवरच्या चौकटी बोटाला मांजराच्या जिभेसारख्या लागत होत्या. ते सगळं तुम्ही आधी केलेलं, हात चांगला असताना. चापाचं काम तुम्ही नेहमी शेवटी ठेवायचात.

मी आत करंगळी घातली, स्लाइड धरून सावकाश बंद केली, भिंतीकडे तोंड केलं आणि चाप दाबला.

भिंत नव्हती.

बोट टेकलं न टेकलं तोच मागचा घोडा पडला. ऑस्कर अंकल खूश होऊन म्हणाले, "बघितलंस पोरी? काय हलका केलाय! असा चाप उभ्या आयुष्यात केला नव्हता तुझ्या बापानं. जाता जाता कमाल करून गेला!"

असा चाप तुम्ही उभ्या आयुष्यात केला नव्हता. अगदी हेच माझ्या मनात आलं, पण कौतुकानं नव्हे. घोडा अडवून धरणारी ती इवलीशी टाच तुम्ही घासत बसला असाल. बोटांना कळलंच नसेल कुठं थांबायचं. तुम्ही नेहमी सगळं तपासून बघायचात. या वेळी बघितलंत का? कुणाला माहीत नव्हतं. मी आडून विचारलं, तर ऑस्कर अंकल म्हणाले, "अगं, त्यानं कपाटात ठेवलं म्हणजे झालंच ना!"

पुढच्या शुक्रवारी सगळे जमणार, पिस्तूल हातोहात फिरणार आणि मग अबू यूसुफ त्यातून तुमच्या नावानं गोळ्या झाडणार, असं ठरलं. मी आणि आईनं यायचं. मी तुमच्या खुर्चीत बसायचं.

तो आठवडा मी कसा काढला म्हणून सांगू! गोळी भरताना स्लाइड हातानं धरून मिटत नाहीत, सोडून देतात, ती जोरात आपटते. त्या धक्क्यानं घोडा सुटला तर? समोर कोण असेल? ऑस्कर अंकल? तो चहा आणणारा नेपाळी? ऑफिसात टाइप करताना मी एकाच चिठ्ठीवर दोनदा तारीख टाकली. आणि उलटही वाटायचं. माझंच चुकलं असेल तर? मी असा कितीसा चाप ओळखते? लहानपणी शिकलेलं!

शेवटी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"गप्प बस."

"आई, कुणाला लागलं तर?"

"नाही लागत. इतकी वर्षं लागलं का कुणाला? गेलेल्या माणसाच्या हातात खोट काढतेस? आणि कुणासमोर? त्यांच्याबरोबर माझा व्हिसाही गेला, आता तो अबू यूसुफ त्याच्या नावावर करून देतोय. तो नाही म्हणाला तर मी कुठं जाऊ? तू इथं, मी तिकडं गावाकडं एकटी?"

"पण..."

"ते लोक रोज हाताळतात ती. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?"

त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मलाही माहीत होतं. मग कुणीच कसं काही बोलत नव्हतं? की काही बोलण्यासारखं नव्हतंच?

काल आम्ही गेलो. आईनं तुम्ही आणलेलं जांभळं पातळ नेसलं होतं. मला तुमच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची डुगडुगते, हे तुम्ही कधी बोलला नव्हतात. पिस्तूल फिरू लागलं. एका इंग्रज साहेबांनी स्लाइडची जुळणी वाखाणली. दुसऱ्यानं चौकटींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, एकही रेघ पळालेली नाही. ऑस्कर अंकलना बोलायचं होतं, पण त्यांनी नुसतंच पिस्तूल कपाळाला लावलं. मग ते अबू यूसुफच्या हातात गेलं.

"चाप," ते म्हणाले. "ऐसा चाप मैंने नहीं देखा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघितलं. मी नियमाप्रमाणे गप्प बसायचं होतं. आईचा हात माझ्या दंडावर होता, अगदी हलका, पण होता.

अबू यूसुफनी खिशातून गोळ्यांची डबी काढून ब्लँकेटवर ठेवली आणि म्हणाले, "यल्ला, चलो."

मी उभी राहिले. उभी राहिले म्हणजे काय, पाय आपोआप उठले. आवाज माझा नव्हताच.

"अंकल, मत भरो."

ऑस्कर अंकल पुटपुटले, "बस बेटा. त्या खुर्चीतून बोलायचं नसतं."

"ठाऊक आहे मला."

"क्या हुआ?" अबू यूसुफनी विचारलं.

"ये चाप आप्पा का नहीं है।"

"तो किसका है?"

"हाथ उन्हीं का है। पर उँगली में जान नहीं थी।" आणि मग मी बटणांचं सांगितलं. कपाचं, काडीचं सांगितलं. जे तुम्ही इतके महिने लपवलंत, ते मी भरल्या खोलीत सांगून टाकलं. "शायद मैं गलत हूँ। मुझे पता नहीं। पर खाली देख लो।"

"माणूस जाऊन महिना नाही झाला!" ऑस्कर अंकल ओरडले. ते माझ्यावर कधीच ओरडले नव्हते.

त्या इंग्रज साहेबांनी पिस्तूल घेतलं. आत करंगळी घातली. स्लाइड धरून सावकाश बंद केली. घोडा होता तिथंच राहिला. पुन्हा केली. राहिला. कुणीतरी सुस्कारा सोडला. आईनं माझा दंड ओढला, "बस खाली." मला वाटलं, जमीन फाटावी.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आप्पा! इतके जाणकार लोक, आणि कुणालाच का कळलं नाही ते! तुमच्या पिस्तुलाला कुणी धक्काच लागू दिला नव्हता. ज्यानं घेतलं त्यानं हळुवार मिटलं, लाडानं, आदरानं. मीसुद्धा तसंच केलं होतं.

"असं नाही," मी म्हणाले. "सोडून द्या. आपटू द्या."

तुमच्या शेवटच्या कामाची स्लाइड आपटा, असं तुमची मुलगी सांगत होती! साहेबांनी अबू यूसुफकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

पहिल्यांदा आपटली. घोडा राहिला.

दुसऱ्यांदा आपटली आणि घोडा तिच्याबरोबरच खाली गेला. खट्ट. चापावर कुणाचंही बोट नव्हतं. साहेबांनी आपलं बोट आधीच सगळ्यांना दिसेल असं बाहेर धरलं होतं. आत गोळी असती तर ती समोर गेली असती, आणि समोर टेबलाच्या टोकाला, माझ्या खुर्चीला लागून, आई होती.

अबू यूसुफनी डबी उचलून खिशात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहले दिन मेरी उँगली ने बोला था। मैंने उँगली को बोला, चुप। उस्ताद का काम है।"

कळलं तुम्हाला? त्यांनाही कळलं होतं! तुमच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या बोटाला गप्प केलं. असं नाव मिळवलंत, आप्पा. मला त्याचा अभिमान वाटायला हवा ना? मला भीती वाटली. नुसती भीती.

मग वाद झाला. इंग्रज साहेब म्हणाले, विलायतेत त्यांच्याकडे एक चांगला कारागीर आहे, तो टाच नवी बसवून देईल. ऑस्कर अंकल म्हणाले, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, काचेच्या पेटीत ठेवा, जसं आहे तसं. अबू यूसुफनी मला विचारलं. आज खुर्चीनं बोलायचं, म्हणाले.

मी म्हणाले, दुरुस्त करा.

काचेच्या पेटीत ते पूर्ण झाल्यासारखं दिसेल, आप्पा. उद्या त्यांचा कुणी नातू पेटी उघडेल, गोळ्या भरेल. त्याला कोण सांगणार?

आई उठून बाहेर गाडीत जाऊन बसली. परतताना ऑस्कर अंकल गाडी चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "मला का नाही सांगितलं ग त्यानं? रोज चहा प्यायचो आम्ही एकत्र. मी काय त्याच्या कंपनीत जाऊन बोंब मारणार होतो?" सिग्नल हिरवा झाला तरी ते तसेच. मागून हॉर्न वाजायला लागले.

हेच तर मलाही विचारायचं आहे. का नाही सांगितलंत? मेडिकलची धास्ती होती, मान्य. परत पाठवतील, घर बसेल, मान्य. पण मला? मी कुणाला सांगितलं असतं? की बोटं गेली म्हणजे उस्ताद गेला, असं वाटलं तुम्हाला? एवढी भीती मनात घेऊन तुम्ही त्या बाकावर बसत होतात आणि मला मात्र हसत होतात. दोघं मिळून भ्यायलो असतो, आप्पा! मला चांगली सवय आहे त्याची.

निघताना अबू यूसुफ म्हणाले, येत्या आठवड्यात अम्माचा पासपोर्ट घेऊन ऑफिसला या, इंशाल्ला. त्या इंशाल्लाचा अर्थ हो की नाही, हे मला इतकी वर्षं इथं राहून कळलेलं नाही. मी काल रात्रीपासून त्यावरच विचार करते आहे. आईनं घरी आल्यावर एकच वाक्य टाकलं, "बापाचं नाव घालवलंस." आणि आत जाऊन पडली. आत्ता आतून भांड्यांचा आवाज येतोय. उठली वाटतं. तिला कुणी सांगितलेलं नाही की पिस्तुलाचं तोंड तिच्याकडे होतं. मी सांगणार नाही. की सांगायला हवं? तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

नाव गेलं का, हे मला माहीत नाही. एवढं मात्र सांगते. ते पिस्तूल विलायतेहून परत येईल तेव्हा ते पुन्हा सगळे जमतील आणि मला बोलावतील. मी जाईन. व्हिसा झालेला असो वा नसो, आई बोलत असो वा नसो. स्लाइड सगळ्यांसमोर मी स्वतः आपटेन, हवी तितक्यांदा. मग भिंतीकडे तोंड करून चाप दाबेन आणि जे लागेल तेच सांगेन. त्या परक्या माणसाचं काम चांगलं झालेलं असेल तर चांगलं म्हणेन, मोठ्यानं, तुम्हाला ऐकवत नसलं तरी. आणि पहिली गोळी सुटेल तेव्हा मी अबू यूसुफच्या शेजारी उभी असेन. भिऊन अर्धी झालेली असेन, पण उभी असेन. हे वचन समजा.

तुमचीच,
सुलभा